स्वयंपाकघरातून ऐकू येईल असा टॅब

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही, ते साचत जातात. आमच्या नांदेडच्या एसटी स्टँडवर, कंट्रोल रूममध्ये विसरलेल्या वस्तूंची एक फळी आहे. डबे, छत्र्या, एकदा तर दातांची कवळी! न्यायला कुणी येत नाही आणि टाकून द्यायची आमची छाती होत नाही. किस्स्यांचंही तसंच. दुपारी गर्दी ओसरली, चहा आला, की आम्ही एकेक खाली काढतो.

यंदाचे सगळे किस्से एकाच गोष्टीचे आहेत. टॅबचे! आमच्यातल्या एका माणसाला त्याच्या गरजेचा टॅब निवडून द्यायचा, एवढंच काम होतं. पण ते करताना आम्ही सगळे आतून इतके घाबरलेलो होतो की हसलो नसतो तर कामावरच आलो नसतो. मी तर मूळचीच भित्री. फोन वाजला की 'हॅलो'च्या आधी 'काय झालं?' विचारणारी.

आधी माणसं सांगते. गंगाधरभाऊ म्हणजे आमच्या स्टँडचा आवाज. मूळचे देगलूरचे. माइकवरून 'प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे' असं काही म्हणायचे की बाकड्यावर शेंगा खाणारा माणूससुद्धा शेंग सोलायची थांबायचा. त्यांच्या शेजारच्या टेबलावर मी, गाड्यांच्या वेळा टिपणारी. मला सगळे ताई म्हणतात. खाजामामा ड्रायव्हर, भाऊंचे जुने दोस्त आणि रोजचे भांडणारे. आणि भाऊंची बायको, म्हणजे आमच्या वहिनी. त्या स्टँडवर कमी यायच्या, पण त्यांचा डबा रोज यायचा.

हिवाळ्यात भाऊंचा आवाज बसला तो उठेचना. काढे झाले, गुळण्या झाल्या. शेवटी लातूरला मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. घशात गाठ निघाली. स्वरयंत्र काढावं लागणार. जीव वाचेल बहुतेक, पण आवाज राहणार नाही. डॉक्टरांनी सांगितलं, एक टॅब घ्या. त्याच्यावर लिहायचं, तो मोठ्यानं वाचून दाखवतो. तुम्हाला जमेल असा बघून घ्या आणि ऑपरेशनच्या आधीच हात बसवा.

*

ही बातमी भाऊंनी आम्हाला सांगितलीच नाही. म्हणजे, तोंडावर नाही सांगितली.

लातूरहून आले, खुर्चीत बसले, माइक ओढला. मला वाटलं, देगलूर गाडीचं सांगतील. सांगितलंही. घोगऱ्या आवाजात, पण नेहमीच्या थाटात, नरसी मार्गे देगलूरला जाणारी गाडी फलाटावर लागली आहे वगैरे. आणि माइक बंद न करता त्याच सुरात पुढे म्हणाले, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. गंगाधर यांचा आवाज घशातील बिघाडामुळे पुढील महिन्यापासून कायमचा रद्द करण्यात येत आहे. होणाऱ्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत."

माझ्या हातातला पेन तिथंच थांबला. खाजामामा दारात उभे होते, ते आत येईनात. भाऊ आमच्याकडे बघेनात.

तेवढ्यात खिडकीत एक म्हातारेबुवा आले. टोपी सारखी केली आणि विचारलं,

"साहेब, गाडी रद्द झाली म्हनता, तर आमचं रिझर्वेशन परत भेटंल का?"

*

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं वजिराबादच्या बाजारात टॅबच्या दुकानात गेलो. खाजामामांना टॅबमधलं काही कळत नव्हतं, पण गाडीतलं कळत होतं. त्यामुळे त्यांनी पहिला टॅब हातात घेतला, बोटानं टकटक वाजवून पाहिला, कडेनं अंगठा दाबून पाहिला. "बॉडी अच्छी है," म्हणाले.

दुकानाचे शेठ तोंडात गुटख्याची पुडी धरूनच बोलत होते. "काका, वापर काय राहणार? पिक्चर बघायचे? नातवाचा अभ्यास?"

"बोलायचंय," भाऊ म्हणाले.

"मग सिमकार्डवाला दाखवतो."

"फोनवर न्हाई हो. मीच बोलनार. ह्याच्यातून." आणि भाऊंनी गळ्यावर बोट आडवं फिरवून दाखवलं, डॉक्टर कुठं कापणार ते.

शेठ मागे वळले, तोंडातलं सगळं डब्यात थुंकून आले. मग खिशातली पुड्यांची अख्खी माळ काढली आणि तीही त्याच डब्यात टाकली. मलाही त्या क्षणी आपल्याच घशाला हात लावून बघावा असं वाटत होतं.

भाऊच त्याला समजवायला लागले. "शेठ, घाबरू नका. गाठ माझी हाय, तुमची न्हाई!"

(चार दिवसांनी आम्ही परत गेलो तेव्हा शेठच्या खिशात नवी माळ होती. भीतीचं असंच असतं, दुसऱ्याची असली की लवकर उतरते.)

त्याच पहिल्या दिवशी भाषेवरूनही घोळ झाला. भाऊ माइकवर शुद्ध मराठी बोलतात, आमच्याशी गावाकडची मराठी, खाजामामांशी दखनी, आणि घरी वहिनींशी तेलुगू. देगलूरच्या माणसाला त्यात काही विशेष वाटत नाही. शेठनी टॅबवर आवाजाचं सेटिंग उघडलं. "काका, कोणती भाषा ठेवू?"

"समद्या ठेवा."

"एका वेळी एकच बोलतो तो."

भाऊंनी जरा विचार केला. "मंग शेठ, बायकोला राग आला तर मी सेटिंग बदलेपर्यंत ती थांबंल का?"

*

शेठ मनानं चांगले. त्यांची मिसेस रोज अर्धापूरला शाळेवर आमच्याच गाडीनं अपडाऊन करायची. शेठनी दुकानातला वापरायचा एक टॅब आमच्या हवाली केला. "दिवसभर स्टँडवर वापरून बघा. तिथल्या गोंगाटात चालला तर कुठंही चालेल."

मी तो पदरात धरून आणला. पडला तर काय घ्या!

भाऊंनी लिहिलं. बोटानं अक्षर काढलं की टॅब ते ओळखतो, कीबोर्डवर शोधत बसावं लागत नाही, हे एक बरं होतं. निलंग्याच्या गाडीची घोषणा लिहिली, टॅब माइकसमोर धरला, बटण दाबलं. काय सुंदर आवाज! स्वच्छ, बातम्या सांगतात तसा. एक अडखळण नाही.

फलाटावर एकही माणूस उठला नाही.

गाडी समोर उभी. ड्रायव्हर वर चढून बसलेला. पाट्या लागलेल्या. आणि निलंग्याची माणसं पिशव्या मांडीवर घेऊन निवांत बसलेली. भाऊंनी परत बटण दाबलं. परत तोच सुंदर आवाज. एक बाई शेजारणीला म्हणाल्या, "कशाची तरी जाहिरात लागलीय."

भाऊंचा चेहरा उतरला. इतक्या दिवसांत मी त्यांना घाबरलेलं पाहिलं नव्हतं, ते तेव्हा पाहिलं. मला म्हणाले, "ताई, न्हाई ऐकत लोक. मी बोलून बी न बोलल्यावानीच."

मी आपली निलंग्याची वेळ परत परत बघत होते.

शेवटी त्यांनी माइक घेतला आणि त्या फाटक्या, घोगऱ्या आवाजात ओरडले, "निलंगा! निलंगा!" अख्खा फलाट उठला. पिशव्या, पोरं, टोपल्या, सगळी पळापळ. खिडकीखालून जाताना एक आजी थांबल्या. वर बघून म्हणाल्या, "आवाज बसलाय रं बाबा तुझा. पन तुझा हाय म्हनून कळलं."

*

त्याच दुपारी दुसरी गंमत. गंमत म्हणायचं, पण मी रडायच्या बेतात होते.

उन्हाळा लागलेला. टॅब टेबलावर, टेबल खिडकीत, खिडकीत नांदेडचं ऊन. भाऊ वेगवेगळी वाक्यं लिहून सराव करत होते. मधेच टॅबवर काहीतरी सूचना आली आणि स्क्रीन काळी! बटण दाबा, काही करा, हूं नाही की चूं नाही. हात लावला तर तव्यासारखा तापलेला.

भाऊ त्याच्याकडे बघत राहिले. "ताई, माझ्या आधी हेच गप बसलं की!"

मी हसले आणि हसतानाच मनात आलं, हे पुढे घडलं तर? लग्नात, बाजारात, दवाखान्यात, ऐन बोलायच्या वेळी?

तेवढ्यात खाजामामा आले. गरम झालेली वस्तू बघून त्यांना काही विचार करावा लागला नाही. इंजिन तापलं की जे करतात तेच त्यांनी केलं. माठाजवळचं ओलं फडकं आणलं आणि टॅबभोवती घट्ट गुंडाळलं! वर तांब्यातून पाणी सोडायला निघाले होते, मी तांब्या धरला.

"मामा, अहो, लोकाचा आहे तो!"

"गरम हुआ ना? ठंडा करना पडता. कायकू डरते तुम?"

संध्याकाळी आम्ही तिघं दुकानात गेलो ते अपराध्यासारखे. फडकं काढलं. शेठनी पुसला, बटण दाबलं आणि टॅब सुरू झाला! मी देवाला हात जोडले. शेठ म्हणाले, "हे मॉडेल उन्हात लवकर तापतं. स्टँडवाल्यांना दुसरा बघू." खाजामामा मात्र आजही सांगतात की तो त्यांनी दुरुस्त केला.

*

शेवटी टॅब निवडला तो वहिनींनी.

त्या दुकानात आल्या, खुर्ची दिली तर बसल्या नाहीत. शेठ त्यांना रॅम सांगायला लागले, बॅटरी सांगायला लागले. वहिनींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मला येवढंच सांगा. मी सैपाकघरात असले आन् हे बाहेरच्या खोलीत पडून असले, तर मला ऐकू येईल का?"

ही गरज आमच्यापैकी कुणालाच सुचली नव्हती. आम्ही आपले स्टँडचाच विचार करत बसलो होतो. स्टँडवर तर भाऊ आता बसणारही नव्हते.

"बघा की वहिनी, ट्राय करून," शेठ म्हणाले.

वहिनी सरळ दुकानाबाहेर गेल्या. पायऱ्या उतरून रस्त्याच्या कडेला, रिक्षांच्या हॉर्नमध्ये, दुकानाकडे पाठ करून उभ्या राहिल्या. "लावा!"

भाऊंनी छोट्या टॅबवर लिहिलं, 'अगं, चहा दे.' बटण दाबलं. वहिनी हलल्या नाहीत. दुसरा लावला. नाही. तिसरा तर आम्हालाच नीट ऐकू येईना. दुकानातली बाकीची गिऱ्हाइकं आपापली कामं सोडून त्या बाईच्या पाठीकडे बघत होती. मी मनात म्हणत होते, वळा हो वहिनी, एकदा तरी वळा.

मग शेठनी मोठा काढला. दोन्ही बाजूंनी स्पीकर, सोबत लिहायचा पेन, आणि रेंज नसली तरी बोलणारा. आवाज असा की पलीकडच्या चहावाल्यानं वळून पाहिलं. वहिनी मात्र तशाच उभ्या.

खाजामामा बाहेर जाऊन विचारून आले. "भाबी को आवाज आया बोलते. मगर बोलते, 'अगं' बोल के मेरे कू कौन बुलाता?"

भाऊंनी मग पेन घेतला आणि मराठी अक्षरांत एकच तेलुगू शब्द लिहिला. 'एमे.' घरी ते वहिनींना तशीच हाक मारतात. बटण दाबलं. बातम्यांचा तो आवाज वजिराबादच्या रस्त्यावर म्हणाला,

"एमे!"

वहिनी झटकन वळल्या. पदर तोंडाला लावून तशाच आत आल्या. डोळे भरलेले. पण आवाज एकदम खणखणीत.

"हाच बांधून द्या," शेठना म्हणाल्या. आणि भाऊंकडे बघून, "पन चहा आता भेटनार न्हाई. जेवायची वेळ झाली."

*

मग सराव. भाऊंनी ठरवलं, एक दिवस अजिबात बोलायचं नाही, सगळं टॅबवरून. आणि नेमकं त्याच दिवशी खाजामामांशी भांडण लागलं. विषय काय, तर अर्धापूरची केळी चांगली की नाही! खाजामामा तावातावानं बोलायला लागले. भाऊ लिहायला लागले. त्यांचं एक वाक्य होईपर्यंत मामा केळ्यांवरून डिझेलवर गेले होते. भाऊंनी खोडलं, परत लिहायला घेतलं. तोवर मामा तिसरीकडेच. भाऊंच्या कपाळावर घाम आला. मी बघत होते आणि माझा जीव तुटत होता. ज्या माणसाला आयुष्यात कुणी बोलण्यात हरवलं नाही, तो पेन धरून एका अक्षरामागे धावत होता.

मामांच्या ते लक्षात आलं. मधेच थांबले. स्टूल ओढलं, हाताची घडी घातली, बसले.

"लिख ले भाऊ. मैं रुकतौं. आराम से लिख."

आमच्या कंट्रोल रूममध्ये कुणी कुणाचं बोलणं संपेपर्यंत थांबल्याचं मला तरी आठवत नाही. भाऊ लिहीत राहिले. मामा वाट बघत राहिले. मीही. शेवटी भाऊंनी बटण दाबलं आणि टॅब अगदी स्पष्ट आवाजात म्हणाला,

"गप बस."

*

लातूरला ऑपरेशनसाठी निघालो ते आमच्याच लाल गाडीनं. खाजामामांनी ड्युटी बदलून घेतली होती. भाऊ, वहिनी आणि मी. डॉक्टरांनी घशाला ताण देऊ नका म्हणून सांगितलेलं. भाऊंनी नांदेड सोडल्यापासून जे बोलायला सुरुवात केली ते थांबेनात. लोहा आलं, लोह्याबद्दल बोलले. अहमदपूर आलं, तिथल्या कुणा कंडक्टरचं लग्न सांगितलं. आवाज पार चिरकला होता, मधेच नुसती हवा यायची. वहिनी म्हणाल्या, "पुरे करा की आता."

"ठिवून काय करू?" भाऊ म्हणाले. "उद्या घेऊनच जानार हाईत ते."

वहिनी खिडकीबाहेर बघायला लागल्या. चाकूर येईपर्यंत त्यांनी मान वळवली नाही. मी पिशवीतला टॅब चाचपत होते. चार्जर घेतला का, हे मी किती वेळा बघितलं असेल!

लातूरच्या स्टँडवर उतरलो. तिथले कंट्रोलर आम्हाला फोनवरच्या आवाजानं ओळखतात, तोंडं कधी पाहिली नव्हती. भाऊ खिडकीशी गेले, नाव सांगितलं, कशाला आलो तेही सांगितलं. तो भला माणूस लगबगीनं उठला आणि भाऊंना खुर्ची दिली. माइक पुढे केला. "घ्या भाऊ. एकदा होऊ द्या!"

भाऊंनी माइक हातात धरला. सगळा फलाट समोर. तोंड उघडलं, आणि शब्दच येईना. अख्ख्या रस्त्यानं बडबडणारा माणूस! त्यांनी माइक हळूच परत ठेवला आणि त्या कंट्रोलरला, अगदी साध्या प्रवाशासारखं, विचारलं,

"नांदेडला परत जानारी गाडी कवा हाय?"

*

ऑपरेशन झालं. गाठ सगळी निघाली, असं डॉक्टर म्हणाले, पुढचं तपासणीनंतर सांगू म्हणाले. त्या 'पुढचं'नं आम्हाला आणखीच धास्ती बसली. भाऊंना वॉर्डात आणलं तेव्हा गळ्याला पट्ट्या, नाकात नळी. डोळे उघडे. तोंड हलवायचे आणि काहीच यायचं नाही, मग स्वतःच दचकायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर म्हणाल्या, थोडं लिहायला हरकत नाही. मी टॅब पुसून त्यांच्या पोटावर ठेवला. वहिनी स्टुलावर, खाजामामा पायाशी. दुकानातून निघाल्यापासून वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलं नव्हतं. इथंही त्या चादर सारखी करत होत्या, सलाईनकडे बघत होत्या, मामांना चप्पल बाहेर काढायला लावत होत्या.

भाऊंनी पेन धरला. आम्ही तिघंही पुढे झुकलो. मला वाटलं, पाणी मागतील. मामांना वाटलं, शिवी देतील. भाऊ बराच वेळ लिहीत होते, हात अडखळत होता. मग त्यांनी बटण दाबलं.

"लई भ्या वाटायलंय," टॅब म्हणाला.

काय तो आवाज! स्वच्छ, शांत, ठणठणीत. बातम्या सांगतात तसा. शेजारच्या खाटेवरचा पेशंटसुद्धा आमच्याकडे बघायला लागला. खाजामामांनी तोंड फिरवलं. मी मोठ्या आवाजात सांगितलं, "सगळं छान होणार आहे, भाऊ."

वहिनींनी भाऊंच्या हातातला पेन काढून घेतला. टॅब आपल्या मांडीवर ओढला. शाळेत चौथीपर्यंत गेलेल्या. जीभ दातात धरून, एकेक अक्षर कोरल्यासारखं काढत त्यांनी लिहिलं. बटण कुठलं ते मला विचारलं नाही. दाबलं.

"मला बी," टॅब म्हणाला. त्याच आवाजात.

पडद्यापलीकडून सिस्टर ओरडल्या, "काका, पुरे आता! ऑपरेशन झालेल्या माणसानं इतकं बोलायचं नसतं!"

वहिनींनी पेन परत भाऊंच्या हातात दिला.